विकत घेतलेला टीव्ही आणि 'मान्य' हे एकच बटण

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या असंख्य घरांत लोकांनी टीव्ही लावला आणि नेहमीच्या चॅनेलांऐवजी पडद्यावर एक सूचना आली. वाद सोडवण्याबाबतच्या आमच्या अटी बदलल्या आहेत, पुढे जायचे तर 'मान्य' दाबा, असा तिचा मथितार्थ. 'अमान्य' हे बटण कुठेच नव्हते. 'मान्य' दाबल्याशिवाय टीव्ही पुढे सरकत नव्हता. हे संच कुणी भाड्याने आणलेले नव्हते. दुकानात पूर्ण पैसे मोजून घेतलेले होते, काही तर कित्येक वर्षे वापरातले.

कंपनीचे नाव रोकू. टीव्हीला जोडायची छोटी स्ट्रीमिंग उपकरणे आणि तिची प्रणाली आत बसवलेले टीव्ही यांमुळे ती अमेरिकेत घराघरांत माहीत आहे. अटी नको असतील तर एक वाट होती: ३० दिवसांच्या आत कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कायदा विभागाला कागदी पत्र पोस्टाने पाठवायचे आणि त्यात नाव, संपर्क, उपकरणाची माहिती, खात्याचा ईमेल असा सगळा तपशील लिहायचा. मान्य करायला अंगठ्याचा एक दाब पुरे, नाकारायला मात्र टपालाचा खटाटोप. पत्र पोहोचेपर्यंत टीव्ही बघायचा असेल तर बटण दाबण्यावाचून गत्यंतरही नव्हते.

लोक चिडले, पण चिडलेल्यांपैकी बहुतेकांना आपण नेमके काय गमावतो आहोत हे सांगता येत नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. हा विषय वकिली भाषेच्या इतक्या थरांखाली पुरलेला असतो की तो उकरून काढायला वेळ लागतो. तेवढा वेळ इथे देऊ या, कारण अशीच बटणे आपल्या फोनवर, घड्याळांवर, मोटारींच्या पडद्यांवरही येतात.

लवाद वाईट नाही, पण तो कुणासाठी होता?

लवाद म्हणजे न्यायालयात न जाता, दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेल्या पद्धतीने निवडलेल्या त्रयस्थापुढे वाद मांडणे. त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. सुनावणी बंद दाराआड होते आणि अपिलाची वाट अगदी अरुंद असते. लवादाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, एवढ्या कारणावर निवाडा सहसा उलटत नाही.

दोन व्यापाऱ्यांमध्ये ही सोय उत्तमच. कापसाच्या गाठींचा दर्जा ठरल्याप्रमाणे होता की नाही, हे त्या धंद्यातल्या जाणकाराने आठवड्याभरात सांगितले तर दोघांचेही भले होते. अमेरिकेने १९२५ साली 'फेडरल आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट' केला तो व्यापारी मंडळींच्या आग्रहावरून. आपण लवादाचा करार करावा आणि ऐनवेळी न्यायालयाने तो धुडकावू नये, एवढे त्यांना हवे होते. त्या वेळी समोरासमोर बसलेल्या दोन्ही बाजूंकडे पैसा होता, वकील होते आणि 'हे कलम मला नको' म्हणण्याची ताकद होती.

पुढच्या शंभर वर्षांत तोच कायदा टीव्ही, फोन, क्रेडिट कार्ड, नोकरीचे करार अशा ठिकाणी जाऊन बसला, जिथे एका बाजूला महाकाय कंपनी असते आणि दुसऱ्या बाजूला रिमोट हातात घेतलेला एकटा माणूस. अशा ठिकाणच्या लवादाला 'सक्तीचा लवाद' म्हणतात. वाद निर्माण होण्याच्या कितीतरी आधी, छापील अटींतून, न्यायालयाचा हक्क काढून घेतलेला असतो.

पैसे दिल्यावर आलेली अट करार कसा ठरते?

समजा, तुम्ही फ्लॅट विकत घेतला, नोंदणी झाली, राहायला जाऊन दोन वर्षे झाली. एके दिवशी संध्याकाळी घरी येता तर दाराला बिल्डरचे कुलूप आणि वर कागद: इथे सही करा, म्हणजे यापुढे माझ्याविरुद्ध कोर्टात जाणार नाही असे होईल, मग किल्ली देतो. पोरेबाळे बाहेर उभी आहेत, स्वयंपाक व्हायचा आहे. तुम्ही सही कराल. त्या सहीला संमती म्हणायचे का?

फ्लॅटच्या बाबतीत आपल्यापैकी कुणीही 'नाही' म्हणेल. उपकरणाच्या बाबतीत उत्तर गुंतते, कारण आजचे उपकरण ही निम्मी वस्तू आणि निम्मी सेवा आहे. काच, प्लास्टिक आणि चिप तुमची. आतले सॉफ्टवेअर मात्र तुम्हाला वापरण्याच्या परवान्यावर मिळालेले असते आणि ते कंपनीच्या सर्व्हरशी सतत बोलत असते. सेवा चालू आहे, म्हणून तिच्या अटी बदलण्याचा हक्क आम्हाला आहे, असे कंपनी म्हणते. त्यात तथ्य आहे, पण थोडेसे. सेवा पटली नाही तर ग्राहक सेवा सोडेल, इतपत ठीक. इथे सेवा सोडली की पैसे देऊन घेतलेली वस्तूही अडून बसते.

हा गोंधळ अमेरिकी न्यायालयांतही आहे. १९९७ साली गेटवे या संगणक कंपनीच्या प्रकरणात तिथल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला (सर्किट म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय अपील न्यायालयांचे विभाग). खोक्यात अटींचा कागद होता, ३० दिवसांत संगणक परत केला नाही म्हणजे अटी मान्य केल्या, असे न्यायालयाने धरले. त्यात लवादाचे कलमही आले. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ फोनबाबत नवव्या सर्किटने नेमके उलट सांगितले. फोनच्या खोक्यात सुरक्षा आणि वॉरंटीची १०१ पानी पुस्तिका होती आणि लवादाची अट तिच्या पोटात होती. ग्राहक गप्प बसला याचा अर्थ त्याने होकार दिला असा होत नाही, असे न्यायालय म्हणाले.

या दोन निकालांशेजारी २०२४ चे ते बटण ठेवून पाहा. पुस्तिका न उघडणारा ग्राहक उद्या न्यायालयात 'मी वाचलेच नाही' म्हणून सुटू शकतो. पडद्यावर 'मान्य' दाबलेल्याचा वार, वेळ आणि खाते कंपनीच्या नोंदीत असते. माझ्या मते पडदा अडवण्यामागचे खरे कारण हेच आहे. अटी वाचल्या जाव्यात यासाठी तो अडवलेला नसतो, दाबल्याचा पुरावा हातात यावा यासाठी असतो.

तीस डॉलरसाठी कोण भांडतो?

आता या कलमाच्या गाभ्याकडे येऊ. लवादाच्या अटीबरोबर जवळजवळ नेहमी दुसरी अट जोडलेली असते: ग्राहकाने एकट्याने यायचे, इतरांबरोबर मिळून दावा करायचा नाही. असा मिळून केलेला दावा म्हणजे सामूहिक दावा. एकाच प्रकारे फसवले गेलेल्या हजारो-लाखो लोकांच्या वतीने मोजके जण न्यायालयात जातात आणि निकाल सगळ्यांना लागू होतो.

कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला 'मोफत' फोन मिळाला आणि त्यावर ३०.२२ डॉलर विक्रीकर लागला. जाहिरातीत मोफत म्हटले होते, म्हणून त्यांनी दावा केला आणि तो पुढे इतर ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात सामील झाला. करारात मात्र एकट्यानेच लवादाकडे जाण्याची अट होती. अशी अट ग्राहकाला नाडणारी असल्याने ती चालणार नाही, असे कॅलिफोर्नियाचा कायदा सांगत होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी 'एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कॉन्सेप्सियन' या खटल्यात कंपनी जिंकली. १९२५ चा कायदा राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरला. तेव्हापासून ग्राहकांच्या करारांत या जोडकलमाला मोकळे रान मिळाले.

रिचर्ड पोझ्नर या नामांकित न्यायाधीशांनी त्याआधी, २००४ मध्येच, एका निकालात म्हटले होते की सामूहिक दावा नसेल तर त्याच्या जागी लाखो स्वतंत्र दावे येत नाहीत, शून्य दावे येतात, कारण तीस डॉलरसाठी एखादा वेडा किंवा हट्टाला पेटलेला माणूसच कोर्टात जातो. २०११ च्या खटल्यात विरोधी मत लिहिताना न्यायमूर्ती ब्रेयर यांनी याच वाक्याचा आधार घेतला.

आकडेही तेच सांगतात. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या अमेरिकी सरकारी यंत्रणेने २०१५ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. क्रेडिट कार्ड, बँक खाती, कर्जे अशा आर्थिक सेवांपुरता तो होता, पण चित्र सगळीकडे लागू पडेल असेच आहे. देशातल्या प्रमुख लवाद संस्थेकडे या सेवांबाबत वर्षाला जेमतेम सहाशेच्या आसपास प्रकरणे दाखल होत होती. आणि त्याच सुमारास सामूहिक दाव्यांच्या तडजोडींतून भरपाईला पात्र ठरणारे ग्राहक होते वर्षाला सरासरी ३ कोटी २० लाख. एवढ्या मोठ्या देशात सहाशे! म्हणजे हे कलम वाद कोर्टातून उचलून लवादाकडे नेते असे म्हणणेसुद्धा नीट बरोबर नाही. बहुतेक वेळा वाद उभाच राहत नाही.

त्या यंत्रणेने २०१७ मध्ये सामूहिक दाव्यावर बंदी घालणाऱ्या कलमांना मनाई करणारा नियम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० मते पडली, उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी निर्णायक मत दिले आणि कंपन्यांना नियम पाळणे बंधनकारक होण्याआधीच तो रद्द झाला.

'लवाद तर स्वस्त आणि झटपट, मग तक्रार कशाला?'

हा युक्तिवाद कंपन्या नेहमी करतात आणि तो वरवर खरा आहे. अमेरिकेत ग्राहकाला लवादासाठी भरावी लागणारी फी मर्यादित असते, मोठा वाटा कंपनी उचलते. दिवाणी दावा वर्षानुवर्षे रखडतो, लवाद काही महिन्यांत संपू शकतो.

तेव्हा ग्राहकांच्या काही वकिलांनी या म्हणण्याची परीक्षा घ्यायचे ठरवले. लवाद इतका चांगला आहे ना, मग आमचे सगळे अशील एकेकटे येतील, पण एकाच वेळी. अ‍ॅमेझॉनच्या इको या बोलक्या स्पीकरने संमतीशिवाय घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले, अशा तक्रारींच्या लाटेत कंपनीपुढे ७५,००० हून अधिक स्वतंत्र लवादाच्या मागण्या येऊन पडल्या. प्रत्येक प्रकरणाची फी अ‍ॅमेझॉनने भरायची होती, आणि तीही अ‍ॅमेझॉनच्याच अटींप्रमाणे. २०२१ मध्ये कंपनीने आपल्या अटींतून लवादाचे कलमच काढून टाकले. आता भांडायचे तर न्यायालयात या, असे तीच सांगू लागली.

डोअरडॅश या घरपोच खाद्यसेवेचे उदाहरण ग्राहकांचे नाही, डिलिव्हरी करणाऱ्यांचे आहे, तरी सांगण्याजोगे आहे. ५,०१० जणांनी लवाद मागितला. लवादाचे कलम कंपनीने स्वतः लिहिलेले होते, तरी ९५ लाख डॉलरच्या आसपासची फी भरायला ती तयार नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी तिला लवादाकडे जाण्याचा आदेश दिला आणि कंपनीच्या दुटप्पीपणावर निकालात स्पष्ट बोट ठेवले. सॅमसंगविरुद्ध इलिनॉय राज्यातल्या सुमारे ५०,००० फोनधारकांनी चेहऱ्याच्या ओळखीच्या माहितीवरून लवाद मागितला. तिथेही कंपनीने आपल्या वाट्याची फी भरायला नकार दिला. खालच्या न्यायालयाने फी भरायला सांगितले, पण २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश उलटवला.

स्वस्त आणि झटपट म्हणून ज्याची तारीफ केली जाते, ते लोकांनी खरोखर वापरायला घेतले की कंपन्यांना ते महाग वाटू लागते. कलम लिहितानाच ते फारसे कुणी वापरणार नाही हे गृहीत धरलेले असते, असा याचा अर्थ मी लावते, आणि दुसरा अर्थ लागतो का हे प्रामाणिकपणे शोधूनही मला सापडलेला नाही.

कंपन्या यातून शिकल्या. अलीकडच्या अटींत वकिलांमार्फत आलेली हजारो प्रकरणे एकदम चालवायची नाहीत, थोडी थोडी घ्यायची आणि बाकीच्यांनी रांगेत थांबायचे, अशा तरतुदी दिसतात. तिकीटमास्टर आणि तिची मालक कंपनी लाइव्ह नेशन यांनी तर सामूहिक लवादासाठी नवी लवाद संस्थाच नेमली. ते नियम ग्राहकाला इतके नाडणारे आहेत की ते लागू होणार नाहीत, असे नवव्या सर्किटने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवले.

'सामूहिक दाव्यात वकीलच गब्बर होतात'

होतात. एकेका ग्राहकाला चार-पाच डॉलरचे कूपन आणि वकिलांना कोट्यवधींची फी, अशा तडजोडी झालेल्या आहेत आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. पण चार डॉलर कुणाला मिळाले यापेक्षा कंपनीला चार कोटी मोजावे लागले आणि ती सवय मोडली, याला जास्त महत्त्व आहे. शिवाय न्यायालयातली कागदपत्रे उघड होतात. पत्रकार ती वाचतात, इतर ग्राहक शहाणे होतात. लवादात ते सगळे बंद फायलीत राहते. वकिलांची फी जास्त वाटत असेल तर न्यायाधीशाला ती कमी करता येते. त्यासाठी दावाच बंद करायची गरज नाही.

'पटत नसेल तर दुसरी कंपनी घ्या' हे उत्तरही ऐकू येते. दुसरी कंपनी घेतली तरी तिच्या अटींतही बहुधा हेच कलम असते, आणि पहिला टीव्ही परत घ्यायला दुकानदार दोन वर्षांनी तयार होत नाही.

एका क्लिकची व्याप्ती

हे कलम किती दूर पोहोचू शकते याची दोन उदाहरणे २०२४ मध्येच गाजली. फ्लोरिडातल्या डिस्नी संकुलातल्या एका उपाहारगृहात जेवल्यानंतर अ‍ॅलर्जीने एका महिलेचा मृत्यू झाला. तिच्या पतीने दावा केल्यावर डिस्नीने न्यायालयात सांगितले की त्यांनी २०१९ मध्ये डिस्नी प्लसची चाचणी सदस्यता घेतली होती, तिच्या अटींत लवाद होता, म्हणून हा दावाही लवादाकडेच जायला हवा. देशभर संताप उसळला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ही भूमिका मागे घेतली. मागे घेतली, म्हणजे न्यायालयाने ती चूक ठरवली असे झाले नाही. तो प्रश्न अनिर्णितच राहिला.

दुसरे उदाहरण न्यू जर्सीचे. तिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे ते जास्त जवळचे वाटेल. उबरच्या गाडीतून जाताना एका जोडप्याला अपघातात गंभीर दुखापत झाली. त्याआधी काही महिने त्यांच्या अल्पवयीन मुलीने आईच्या फोनवरून उबर ईट्सवर जेवण मागवताना नव्या अटींवर होकाराची क्लिक केली होती, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने लवादाचे कलम लागू धरले. ज्यांच्या घरी लेकरे आईबापांचे फोन हाताळतात, किंवा भारतातून गेलेले आईवडील नातवाशेजारी बसून टीव्हीवर पुढे आलेले बटण दाबतात, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

सगळीकडे असेच आहे असे नाही. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशात ग्राहकाला केवळ लवादाकडेच जायला भाग पाडणारी अट अन्याय्य अटींच्या यादीत आहे. ब्रिटनमध्ये ५,००० पौंडांपर्यंतच्या ग्राहकांच्या दाव्यांत अशी अट चालत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उबरचे कलम रद्द ठरवले. तो वाद एका चालकाचा होता, आणि करारानुसार लवाद नेदरलँड्समध्ये व्हायचा होता; तो सुरू करायलाच त्याला सुमारे १४,५०० अमेरिकी डॉलर भरावे लागले असते.

आपल्याकडे हे चालते का?

चालत नाही, आणि हे प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम १०० सांगते की या कायद्यातले हक्क इतर कायद्यांतल्या हक्कांच्या जोडीला आहेत, त्यांना बाजूला सारून नाहीत. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हेच कलम ३ म्हणून होते. तरी बिल्डर, वित्तकंपन्या आणि विक्रेते वर्षानुवर्षे करारात लवाद घालून 'ग्राहक मंचात (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात) जाता येणार नाही' असे बजावत आले.

एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. लवाद कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आहे, करारात कलम असेल तर आता लवादाकडे पाठवणे भागच आहे, असे तिचे म्हणणे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २०१७ मध्ये ते नाकारले आणि १० डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. ग्राहकासाठी संसदेने खास मार्ग करून दिला आहे, खासगी करारातले कलम तो बंद करू शकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेमलता देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट आणखी ठाम केली: लवाद निवडायचा की आयोग, ही निवड ग्राहकाची.

एवढ्यावर समाधान मानावे अशी मात्र स्थिती नाही. पहिली अडचण अशी की हे संरक्षण तुम्ही आयोगापर्यंत गेलात तर. 'करारात लवाद आहे, तुम्हाला तक्रार करता येणार नाही' असे कस्टमर केअरवरच्या माणसाने ठणकावून सांगितले की कितीतरी जण तिथेच थांबतात. कलम कायद्याने निष्प्रभ असले तरी छापलेले असते आणि घाबरवण्याचे काम करतच राहते.

दुसरी अडचण 'अन्याय्य करार' या तरतुदीची. २०१९ च्या कायद्याने ती प्रथमच आणली आणि कलम २ (४६) मध्ये सहा प्रकार दिले: अवाच्या सवा अनामत, अवाजवी दंड, एकतर्फी करार संपवणे वगैरे. लवादाची सक्ती त्यात नावानिशी नाही. ग्राहकाला तोट्यात टाकणाऱ्या अवाजवी अटी, या शेवटच्या व्यापक प्रकारात ती बसवता येईल, पण तशी तक्रार जिल्हा आयोगात दाखल होत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगातच करावी लागते. पंधरा हजारांच्या फोनसाठी गडचिरोलीच्या माणसाने राज्य आयोग गाठायचा? सदोष वस्तू किंवा सेवेतली त्रुटी एवढी तक्रार जिल्हा आयोगात होते, पण मूळ अटच अन्याय्य ठरवून मागायची वाट लांबची.

तिसरी गोष्ट पडदा अडवण्याची. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फशी पाडणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्या, यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि एकाचे नाव 'सक्तीची कृती' असे आहे. पण त्याची व्याख्या पाहिली तर ती खरेदी करताना दुसरी वस्तू घ्यायला, असंबद्ध सेवेची नोंदणी करायला किंवा वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडण्यापुरती आहे. आधीच विकत घेतलेली वस्तू अडवून नव्या अटींवर होकार घेणे तीत सरळ बसत नाही. प्राधिकरणाने ती व्याख्या रुंदावावी आणि 'मान्य'इतकेच ठळक 'अमान्य' बटण सक्तीचे करावे. नकार दिला तरी वस्तू आधीच्या अटींवर चालू राहिली पाहिजे. पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत. इतका जुना ग्राहक-चळवळीचा वारसा असलेल्या महाराष्ट्रातून ही मागणी जोराने जायला हवी.

तोवर हाती काय आहे

भारतात घेतलेल्या वस्तूची तक्रार असेल तर करारात लवाद, किंवा 'फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' अशी अट असली तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर पुष्कळदा कंपनी तिथेच नमते. आयोगात जाणे भाग पडले तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. एकाच दोषाने बरेच जण त्रस्त असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करण्याची सोय कलम ३५ मध्ये आहे. ती फार कमी वापरली जाते. सोसायटीच्या गटावर एकमेकांकडे कुरकुर करण्याऐवजी ती वापरा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: नव्या उपकरणाच्या किंवा बदललेल्या अटी आल्या की त्यांत 'आर्बिट्रेशन' आणि 'ऑप्ट आउट' हे दोनच शब्द शोधा. बाहेर पडण्याची सोय सगळ्याच कंपन्या देत नाहीत, पण देतात तेव्हा बहुधा ३० दिवसांचीच असते आणि दिवस कधीपासून मोजायचे हेही तिथेच लिहिलेले असते. काही कंपन्या ईमेल चालवून घेतात, काही फक्त टपाल. टपाल असेल तर पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा, पत्राची प्रत आणि पावती उपकरणाच्या बिलाबरोबर ठेवा. घरातल्या प्रत्येक खात्यासाठी वेगळे पत्र लागते का हेही तपासा. आणि अटी पुन्हा बदलल्याची सूचना आली तर जुने पत्र पुरेल असे धरून चालू नका, नवे पाठवा.